अळ्या पाळा, पण मूठभर

गिरणीवालीनं घरात अळ्या पाळाव्यात, हे ऐकायलाच बरं वाटत नाही. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. सव्वीस वर्षं मी दळण दळतेय आणि त्यातला निम्मा जीव किड्यांशी भांडण्यात गेलाय. गव्हातले टोके, तांदळातले सोंडे, बेसनाला लागणारी जाळी, पावसाळ्यात पट्ट्याखाली साचलेल्या पिठात होणारे तांबडे भुंगेरे. वीज नसली की इतर लोक झोप काढतात, मी कुंचा घेऊन जात्याखाली शिरते.

त्यामुळं दोन वर्षांपूर्वी गावात बातमी फुटली तेव्हा काय झालं असेल, ते सांगायला नको. "तिच्याकडं दळण नको गं, ती किडे पाळती." दिवसाला पन्नासेक डबे यायचे, ते महिनाभर तीसवर आले. एका बाईनं तर घरून चाळण आणली आणि माझ्यासमोर पीठ चाळून पाहिलं. मी म्हटलं, बघ, पुन्हा एकदा चाळ. अळ्या गिरणीत नव्हत्या आणि आजही नाहीत. त्या घराच्या मागच्या पडवीत आहेत, आणि पडवीतून गिरणीत येताना मी पदर झटकून, हात धुऊन येते. जी अळी कोंबडीचा खाऊ आहे तीच धान्याच्या कोठारातली कीड आहे, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

नाक मुरडणारे लोक हळूहळू परत आले. त्यांचं मला काही वाटत नाही. काळजी वाटते ती दुसऱ्यांची. ते डबा खाली ठेवता ठेवता आवाज बारीक करून विचारतात, "ताई, महिन्याला किती सुटतात त्यातून?" हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी हे लचांड मागं लागलं कसं, ते सांगते. माझ्याकडं बारा गावरान कोंबड्या. त्या पूर्वी मोकळ्या हिंडायच्या. सकाळी खुराडं उघडलं की उकिरड्यावर, तिथून ओढ्याच्या कडेनं, दिवे लागायच्या आधी घरी. मग शेजारच्या रानात आलं लागलं. आल्याच्या सऱ्या म्हणजे कोंबडीला आमंत्रणच. पाल्याचं आच्छादन उकरायचं, खालची ओल, खालचे किडे. शेजाऱ्याचं नुकसान होत होतं, तो भांडला, आणि त्याचं बरोबर होतं. शिवाय त्या आल्यावर आठवड्याला काहीतरी फवारणी चालूच; तिथला किडा खाल्लेली कोंबडी मलाही नको होती. मी जाळी मारली. महिन्याभरात कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. कवडी नावाच्या कोंबडीची पाठ पार उघडी पडली. खायला कमी नव्हतं, उकरायला काही नव्हतं.

पुतण्या कृषी महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, काकी, मीलवर्म पाळ. पुण्यातल्या एका पक्ष्यांच्या दुकानातून दोनशे अळ्या आणून दिल्या. चांगल्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या. मी त्या कोंड्यात सोडल्या आणि वाट पाहिली. तीन महिने झाले तरी एकीचा कोष होईना. नुसत्या खातात आणि वळवळतात. शेवटी कळलं की ती जातच वेगळी होती. तिला सुपरवर्म म्हणतात आणि ती गर्दीत असेपर्यंत कोषात जातच नाही. एकेक अळी वेगळ्या डबीत एकटी ठेवावी लागते. दुकानदाराला फरक ठाऊक नव्हता की मला सांगावासा वाटला नाही, ते तोच जाणे. कोंबड्यांनी मात्र त्या एका दिवसात संपवल्या आणि तक्रार केली नाही.

खरी मीलवर्म लहान असते. पूर्ण वाढली तरी इंचभर, सोनेरी पिवळी, अंगावर आडवे पट्टे. तिचं शास्त्रीय नाव टेनेब्रिओ मोलिटर. १७५८ साली लिनिअसनं ठेवलेलं. पुतण्यानं त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मी पोट धरून हसले. टेनेब्रिओ म्हणजे अंधार शोधणारा, आणि मोलिटर म्हणजे दळणारा, गिरणीवाला. म्हणजे भावकीच निघाली.

पाळायला ती सोपी आहे, असं सगळे सांगतात. सोपी आहेच, पण तिच्या चार खोड्या आहेत. प्लॅस्टिकचा गुळगुळीत कडांचा ट्रे घ्यायचा, त्यात दोन-तीन बोटं गव्हाचा कोंडा. गुळगुळीत कडेवर तिला चढता येत नाही, म्हणून झाकण लागत नाही; घट्ट झाकण लावलं तर उलट वाफ धरते आणि बुरशी येते. पाण्याची वाटी ठेवायची नाही, गाजराची किंवा बटाट्याची चकती ठेवायची. पाणी तिला त्यातून मिळतं. अळीचा कोष होतो, कोषातून आठ-पंधरा दिवसांत भुंगेरा निघतो. आधी पांढुरका, मग तपकिरी, मग काळा कुळकुळीत. त्याला पंख असतात पण तो उडण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. मादी तिच्या दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात शेकड्यानं अंडी घालते, तीही कोंड्यात चिकटलेली, डोळ्याला न दिसणारी. भुंगेरे आणि मोठ्या अळ्या कोष कुरतडतात, अंडीही खातात. त्यामुळं कोष वेचून वेगळे, आणि भुंगेरे दर दोन-तीन आठवड्यांनी उचलून नव्या ट्रेत. उबेच्या दिवसांत अंड्यापासून पोसलेल्या अळीपर्यंत तीनेक महिने जातात. थंडीत गाडी रेंगाळते.

चाळायचं काम माझ्या हातचं. रव्याची चाळण घेतली की अळी वर राहते आणि खाली बारीक रव्यासारखी तिची विष्ठा पडते. ती मी कढीपत्त्याला घालते. झाड अंगापेक्षा जास्त वाढलंय. चाळताना तोंडाला फडकं बांधायचं. त्या धुळीनं काहींना शिंका येतात, डोळे खाजतात. पिठाच्या धुळीत आयुष्य काढलेल्या माझ्या नाकालाही ती झोंबली.

चुका केल्या, त्याही सांगते. पहिली चूक लोभाची. मला वाटलं, गिरणीतलं झाडणीचं पीठ फुकटच आहे, तेच घालू. एक तर ते पीठ गाजराच्या ओलीनं लगेच गोळा होतं. दुसरं म्हणजे आपल्याकडं धान्य साठवताना कुणी बोरिक पावडर चोळतं, कुणी गोळ्या टाकतं. ती पावडर किडे मारायलाच असते. आठवड्यात निम्मा ट्रे काळा पडला. तेव्हापासून पशुखाद्याच्या दुकानातून कोंड्याचं पोतं आणते आणि लागेल तसा कढईत भाजून घेते, म्हणजे त्यातली दुसरी कीड मरते.

दुसरी चूक मुंग्यांची. एका रात्रीत एक ट्रे साफ. त्यावर उपाय आजीच्या फडताळाचाच: टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत. पाल मात्र भिंतीवरून येतेच, म्हणून वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधलाय.

तिसरी चूक गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली. पडवीवर पत्रा आहे. या अळीला पंचवीस ते अठ्ठावीस अंश मानवतं. पत्र्याखाली दुपारी बेचाळीस झालं होतं. लग्नाला म्हणून दोन दिवस माहेरी गेले, आले तर ट्रेमधून वास. फ्रिजमध्ये ठेवल्या तर अळ्या सुस्तावून आठवडे टिकतात, हे मला माहीत होतं. पण आमच्या फ्रिजमध्ये आत्याबाईंची एकादशीची भगर आणि राजगिरा असतो.

आत्याबाई माझ्या सासूबाई. माळकरी. घरात अंडं शिजत नाही. आम्ही अंडी विकतो, त्याला त्यांची ना नाही. अळ्यांना मात्र आहे. मी एकदा म्हटलं, कोंबडी रानात किडे खातेच की. त्या म्हणाल्या, "रानात खाती ते तिचं कर्म. वाटीत घालून देतीस ते तुझं." यावर मला आजवर उत्तर सापडलेलं नाही. ट्रे देवघराच्या भिंतीपासून लांब हलवले, एवढंच केलं.

आता "किती सुटतात" याचा हिशोब. गिरणीवाल्यांना वजनाशिवाय बोलता येत नाही, तेव्हा तराजूच घेऊ.

एक अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. बारा कोंबड्यांचं झालं १,३२० ग्रॅम. मी रोज प्रत्येकीला दहा अळ्या घालते, म्हणजे १२० अळ्या. त्यांचं वजन बारा-तेरा ग्रॅम. म्हणजे शंभरातला एक घास. महिन्याला मला चाळीस किलो खाद्य लागतं, त्याचे चौदाशे रुपये होतात. त्यातला शंभरावा भाग चौदा रुपये. एका गावरान अंड्याचा भाव. त्यासाठी तीन ट्रे, कोंडा, गाजरं आणि दर रविवारी माझा तासभर.

यावर कुणी म्हणेल, वजनाचं काय धरता, अळीत प्रथिनं किती आहेत ते बघा. बघू. वाळवलेल्या अळीत निम्मी प्रथिनं असतात, हे खरं. पण जिवंत अळीत साठ टक्क्यांच्या वर पाणी असतं, त्यामुळं ताज्या वजनात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास. माझ्या बारा कोंबड्यांच्या खाद्यात रोज सव्वादोनशे ग्रॅम प्रथिनं जातात. त्यातला फक्त दहावा हिस्सा अळ्यांवर भागवायचा तर बावीस ग्रॅम हवीत, म्हणजे ११० ग्रॅम अळ्या. रोजच्या हजार-अकराशे, महिन्याच्या तेहतीस हजार. आणि एक किलो अळी वाढवायला दोन किलोच्या वर खाद्य लागतं. ११० ग्रॅम अळीसाठी अडीचशे ग्रॅम कोंडा धरा. कोंड्यात मुळातच पंधरा टक्के प्रथिनं असतात. म्हणजे सदतीस ग्रॅम घालून बावीस ग्रॅम काढली. अळीतली प्रथिनं कोंबडीच्या अंगी जास्त लागतात, हे मान्य. तरी "फुकटात खाद्य" म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला फुकट शब्द कुठं बसवायचा, तो मला दाखवा.

अंड्यांचंही तसंच. गिऱ्हाईक विचारतं, अळ्यांनी बलक केशरी होतो का? नाही होत. बलकाचा रंग हिरव्या पाल्यातून आणि पिवळ्या मक्यातून येतो. शेवग्याचा पाला, लसूणघास घाला, होईल केशरी. उलट अळ्या जास्त झाल्या तर अंडं बिघडतं. अळीत कॅल्शियम अगदी थोडं आणि फॉस्फरस भरपूर. माझ्या नातवानं सुट्टीत आवडत्या दोन कोंबड्यांना वाटी वाटी अळ्या चारल्या. त्यांनी भरडा खाणं सोडलं आणि आठ-दहा दिवसांत पातळ कवचाची अंडी घातली. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवायचा, हे त्यानंतर पक्कं झालं.

मग मी हे करतेच कशाला? कारण कवडीची पाठ भरली. अळ्या मी वाटीत ठेवत नाही, पिंजरात उधळते. बाराच्या बारा कोंबड्या तासभर उकरत बसतात आणि एकमेकींच्या पिसांना हात लावत नाहीत. पावसाळा सरता सरता जुनी पिसं झडून नवी यायला लागतात, तेव्हा त्यांना प्रथिनांची ओढ लागते, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. त्या पंधरा दिवसांत मी दहाच्या वीस अळ्या करते. खुडूक कोंबडीखालून निघालेल्या पिलांना बारीक अळ्या टिपायला शिकवता येतं. आणि सगळ्यात मोठं काम करतो तो अळ्यांचा पत्र्याचा डबा. परवा जाळीचं दार उघडं राहिलं, सातजणी आल्यात घुसल्या, ओढ्याकाठी मुंगूस असतंच. मी डबा खुळखुळवला. शेजाऱ्यानं काठी उचलायच्या आत सातही दारात हजर. बारा कोंबड्यांच्या घरी एवढंही पुष्कळ आहे. पण याची पावती फाडून कुणाला विकता येत नाही, आणि माझं म्हणणं तेच आहे.

सध्या मोबाइलवर जे फिरतंय ते वेगळंच आहे. अळीपालनाचं एक दिवसाचं प्रशिक्षण, त्याची फी. मग "बीज" म्हणून अळ्यांचा संच, त्याचे काही हजार. आणि वर वचन की तयार माल आम्हीच विकत घेऊ. एका पाहुण्यानं मला असा कागद आणून दाखवला. मी एकच विचारलं: ते ही अळी पुढं कुणाला विकणार? त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगते कुणाला. पुढच्या प्रशिक्षणाला येणाऱ्याला.

आपल्या भागानं ही गोष्ट आधी पाहिली आहे. २०१२ च्या सुमाराला इमूचा फुगा फुटला, तेव्हा अंड्याचे, तेलाचे, कातड्याचे भाव सांगणारे गायब झाले आणि माणसाएवढे पक्षी शेतकऱ्याच्या गळ्यात उरले. २०१९ मध्ये सांगली भागातून कडकनाथचं प्रकरण बाहेर आलं. पिलं घ्या, खाद्य घ्या, अंडी-कोंबड्या आम्हीच परत घेऊ. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कडकनाथ कोंबडीचा यात काही दोष नव्हता. ती झाबुआची चांगली, काटक जात. या अळीचाही दोष नाही.

हा धंदा जगात कुठंच नाही, असंही मी म्हणत नाही. युरोपीय संघानं २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यात किड्यांची प्रथिनं वापरायला परवानगी दिली. त्याच साली माणसाच्या खाण्यासाठी मंजूर झालेला तिथला पहिला किडा हीच अळी. पण ते वातानुकूलित कारखान्यांचं काम आहे, आणि तेही सहज पेलत नाही. फ्रान्समधली इन्सेक्ट नावाची कंपनी हीच अळी वाढवायची, यंत्रमानवांचा कारखाना उभारून, कोट्यवधी युरोचं भांडवल ओतून. २०२५ मध्ये ती दिवाळखोरीच्या कोर्टात उभी राहिली. तिथं जे जमलं नाही ते आमच्या पडवीतल्या पत्र्याखाली, भारनियमन सांभाळून, तीन महिन्यांत दामदुप्पट होणार?

आणखी एक खूळ: थर्माकोल. ही अळी थर्माकोल खाते, हे खरं आहे; अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आणि चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ते दाखवलं. पण शंभर अळ्या मिळून दिवसाला पस्तीस-चाळीस मिलिग्रॅम खातात, म्हणजे एका बारक्या गोळीएवढं. पुतण्याचा मित्र त्यावर पोसलेल्या अळ्या कोंबड्यांना घालायच्या गोष्टी करत होता. ज्या अंड्याचे मी गिऱ्हाइकाकडून चौदा रुपये घेते, त्या अंड्याच्या वाटेला थर्माकोल येणार नाही. कचरा संपवायचा असेल तर थर्माकोलच्या पत्रावळ्या विकत घेऊ नका.

माझं माहेर माणदेशातलं. तिथं आई पिलांसाठी वाळवी धरायची. फुटक्या मडक्यात गोवऱ्यांचा चुरा आणि कडब्याची धाटं भरायची, पाण्याचा हबका मारायचा आणि संध्याकाळी वारुळाच्या तोंडाशी मडकं पालथं घालायचं. सकाळी उचललं की खाली पांढरी वाळवी गच्च. पिलं अशी तुटून पडायची की मडक्यावर चोचींचा आवाज यायचा. याचं प्रशिक्षण नव्हतं, संच नव्हता, आणि आईनं कधी वाळवीचा हिशोब मांडला नाही. कोंबडीच्या पोटात दोन किडे जावेत म्हणून करायचं काम, तेवढंच त्याचं मोल. आता बांधावर वारूळ राहिलेलं नाही, म्हणून ट्रे. मी ट्रेकडं तसंच बघते.

तेव्हा पाच-दहा कोंबड्या असतील, त्या जाळीत असतील, तर अळ्या जरूर पाळा. एप्रिलमध्ये सुरू करू नका, भर पावसातही नको. पहिल्या तीन महिन्यांत एकही कोंबडीला घालू नका, भुंगेरे होऊ द्या. बियाण्याला पैसे तर कुणालाच देऊ नका. शंभर अळ्यांची पुढं हजारानं पैदास होते, ज्याच्याकडं आहेत तो मूठभर सहज देऊ शकतो. मीही देते. दिवाळीनंतर या, रविवारी सकाळी, मागच्या दारानं. डबा मात्र आपला आणा, आणि तो पिठाचा नको.